कुंडीतल्या फुलझाडांना काकवीचे पाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या कोणा विदुषीचे व्याख्यान ठेवण्याचा आपला रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी तो मोडला आणि ‘तुमच्या कुंड्यांविषयी बोला’ म्हणून मला उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान मला जमायचे नाही. ओट्याशी उभे राहून बोलावे तसे बोलेन. मध्येच कोणाला काही विचारावेसे वाटले तर जरूर विचारा, मात्र चहा यायच्या आत विचारा, कारण एकदा कपबश्या वाजू लागल्या की माझे कोणी ऐकणार नाही हे मला माहीत आहे.

विषय काकवीच्या पाण्याचा आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या श्रीरामपुरात, निदान आपल्या आळीत तरी, ही एक टूमच निघाली आहे. एकीच्या मोगऱ्याला फुले जास्त आली, तिने दुसरीला सांगितले ‘मी काकवी घालते’, दुसरीने तिसरीला सांगताना ‘मळी घालते’ म्हटले, तिसरीने गूळच घातला, आणि चौथीने मापच विचारले नाही. फुलझाडाला गोड घातले की झाड खूष होऊन फुले देते, असा सरसकट समज होऊन बसला आहे. त्यात खरे किती, वाजवी किती आणि नुकसानीचे किती, हे मला आज सांगायचे आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मळी, काकवी आणि गूळ या तिघी एका आईच्या लेकी असल्या तरी तिघींचा स्वभाव वेगळा. उसाचे आपल्याकडे नवल नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांच्या पाण्यावर इकडे ऊस वाढत गेला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना इंग्रजी अमदानीतला. पुढे लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला, त्याचे पहिले गाळप १९५० साली सुरू झाले. तेव्हापासून आपला नगर जिल्हा, ज्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, साखरेचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. हंगामात रस्त्यावरून मळीचा टँकर गेला की तो आंबूस-गोड वास आपल्या नाकाला न सांगता कळतो.

कारखान्यात उसाचा रस चुना घालून निवळतात, गंधकाची धुरी देतात, आटवतात, साखरेचे दाणे पडले की ते यंत्रात गरगर फिरवून वेगळे काढतात. असे दोन-तीनदा केल्यावर ज्यातून साखर काढणे आता परवडत नाही असा जो काळा, दाट, चिकट पाक उरतो, ती मळी. एक टन उसामागे शंभर किलोंच्या आसपास साखर निघते आणि चाळीस-पंचेचाळीस किलो मळी उरते. तिच्यात साखर असतेच, जवळजवळ निम्मी. शिवाय उसाने जमिनीतून ओढून घेतलेले क्षार तिच्यात साठून राहतात. त्यांत पालाश सगळ्यांत जास्त, मग चुना, मॅग्नेशियम, थोडे लोह. नत्र अगदी बेताचे, आणि स्फुरद तर नावालाच.

काकवी म्हणजे मळी नव्हे. गुऱ्हाळात चुलवणावर काहिलीत रस कढत असतो, तो गुळाच्या चिकीवर येण्याच्या थोडा आधी काढून घेतला की झाली काकवी. तिच्यातून साखर काढून घेतलेली नसते. ती खायची वस्तू. बाजरीच्या भाकरीबरोबर काकवी आणि वर तुपाची धार ज्यांनी खाल्ली आहे त्यांना मी काय सांगावे! आणि काकवी आणखी आटवून, घोटून, ढेपेत ओतली की गूळ.

आता एक कायद्याची गोष्ट, आणि ही नीट ऐका. मळीपासून दारू होते, म्हणून मळीवर सरकारची नजर असते. मुंबई राज्य होते तेव्हाचे १९५५ सालचे मळीचे नियम आहेत, आणि उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय कारखान्याची मळी घरात आणून ठेवणे हे आपले काम नव्हे. कोणाचा भाचा कारखान्यात असतो, कोणाचे दीर टँकरवर असतात, ‘डबाभर आणून देतो, वहिनी’ म्हणतात. त्यांना हात जोडून नको म्हणावे. आपल्या मोगऱ्यासाठी कोणाची नोकरी धोक्यात घालायची गरज नाही. कुंडीला जे काम मळी करते ते काकवी आणि गूळही करतात, फरक इतकाच की मळीत क्षार जास्त, यांच्यात कमी.

मग खायची वस्तू मातीत घालायची का? माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी हेच विचारले. त्यांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. ज्या उसाची ही गोडी, तो तोडायला पाथर्डीकडच्या, बीडकडच्या बाया दिवाळीनंतर लेकरेबाळे घेऊन येतात, पहाटेच्या थंडीत मोळ्या डोक्यावर घेतात. ती गोडी उगीच मातीत ओतवत नाही. म्हणून चांगली काकवी मी कुंडीत घालत नाही, सांगतही नाही. आपल्या घरांत दुसरे पुष्कळ असते. चातुर्मासात गूळ पाघळतो, डब्याच्या तळाला काळा चिकट थर बसतो, मुंग्या लागतात, तो कोणी खात नाही. काकवीची बरणी रिकामी झाली तरी तिच्या अंगाला चमचा-दोन चमचे राहतेच. ती धुऊन मोरीत न ओतता ते पाणी ठेवावे. गुऱ्हाळावर ओळख असेल तर डब्याच्या बुडाची गाळ आलेली काकवी स्वस्तात मिळते. गूळ घ्यायचाच तर काळपट घ्यावा. पिवळाधमक दिसावा म्हणून पावडर मारलेला गूळ ना खायला बरा, ना झाडाला.

आता मुख्य मुद्दा. झाड साखर खात नाही.

हे ऐकून पुष्कळ जणींच्या कपाळाला आठी पडली, ती मला येथून दिसते. पण विचार करून पाहा. उसात साखर येते कोठून? शेतकरी काही उसाला साखर घालत नाही. हिरवे पान, ऊन, हवा आणि पाणी यांतून ऊस आपली साखर आपणच करतो. आपला मोगरा, गुलाब, जास्वंदही आपापली साखर पानांत करतात. त्यांना मुळांतून साखर पाजायची गरज नसते. मग काकवीचे पाणी खाते कोण? मातीतले जीव. चिमूटभर चांगल्या मातीत डोळ्यांना न दिसणारे इतके सूक्ष्म जीव असतात की त्यांची मोजदाद होत नाही. वाळलेले पान, शेणखत, मुळांचे तुकडे हे सगळे कुजवून त्याचे झाडाला घेता येईल असे खत करणे, हे त्यांचे काम. कोमट दुधाला विरजण लावले की रात्रीत सगळे भांडे लागते, तसे गोड मिळाले की हे जीव भराभर वाढतात. त्यांच्या वावराने मातीचे बारीक कण एकमेकांना धरून राहतात, माती चहाच्या भुकटीसारखी मोकळी होते, पाणी धरून ठेवते आणि जास्तीचे सोडूनही देते.

पण विरजण लावायला भांड्यात दूध असावे लागते. रिकाम्या पातेल्यात कितीही विरजण घाला, दही होणार नाही. कुंडीत शेणखत, पालापाचोळ्याचे खत काही नसेल आणि नुसती काकवी ओतली, तर वाढलेल्या जिवांना अंग धरायला नत्र लागते, ते काकवीत मिळत नाही; मग ते मातीत असलेले थोडेथोडके नत्र आधी आपण ओढून घेतात. झाडाच्या वाटणीचे कमी पडते आणि पाने पिवळी दिसू लागतात. काही दिवसांनी ते जीव मरतात तेव्हा नत्र पुन्हा मातीत येते, पण तोवर आपला धीर सुटलेला असतो आणि आपण आणखी काकवी ओतलेली असते.

मी हे नुसते ऐकून सांगत नाही. आमच्या गच्चीवर एकाच वयाच्या, एकाच झाडाच्या छाटांपासून केलेल्या मोगऱ्याच्या आठ कुंड्या होत्या. दोन कुंड्यांना मी नुसते पाणी दिले. दोनांना नुसते काकवीचे पाणी. दोनांना महिन्याला दोन मुठी जुने शेणखत. आणि दोनांना शेणखत घालून वर पंधरा दिवसांनी काकवीचे पाणी. वाण्याच्या वहीच्या मागच्या पानावर रोज सकाळी तोडलेली फुले लिहीत गेले. आमचे हे हसायचे, म्हणायचे, किराणा मागे पडला आणि मोगऱ्याची उधारी पुढे आली! उन्हाळाभर लिहिले. नुसत्या काकवीच्या कुंड्या नुसत्या पाण्याच्या कुंड्यांहून काडीइतक्याही पुढे गेल्या नाहीत, उलट त्यांची पाने फिकी. शेणखताच्या कुंड्या चांगल्या फुलल्या. शेणखत आणि काकवी दोन्ही मिळालेल्या कुंड्यांना फुले थोडी जास्त आली, पण फार नव्हे. खरा फरक मला दुसरीकडेच दिसला. मे महिन्यात दुपारी बाकीच्या कुंड्या माना टाकत, तेव्हा या दोन संध्याकाळपर्यंत तग धरून असत. बोट घातले तर माती दोन पेरांखाली ओलसर लागे.

आठ कुंड्यांवरून काही शास्त्र ठरत नाही हे मला कळते. पण आपल्या गावात उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवसांत आंघोळीच्या बादलीचा हिशेब होतो, त्या दिवसांत कुंडीला एक तांब्या कमी लागला, तर तो तांब्या फुलांपेक्षा मोठा आहे.

आता जिजींची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि त्या समोरच बसल्या आहेत. त्यांच्या अंगणात मोगऱ्याच्या अकरा कुंड्या. लग्नसराईत त्यांचे गजरे देवळासमोर हातोहात जातात आणि त्या पैशांवर त्यांचा औषधपाण्याचा खर्च चालतो. म्हणजे आपल्यासारखी हौस नाही, तो त्यांचा चरितार्थ आहे. मागच्या एका चैत्रात त्यांना कोणी डबाभर मळी आणून दिली. कोणी, कोठून, ते मी विचारले नाही आणि तुम्हीही विचारू नका. ‘यंदा बहर दुप्पट येईल, आजी,’ असे सांगून देणारा निघून गेला. माप त्याने सांगितले नाही. जिजींनी कुंडीमागे वाटीवाटीभर तशीच घातली, वर थोडे पाणी.

तिसऱ्या दिवशी अंगणात ताडीच्या दुकानासारखा वास. पाचव्या दिवशी कळ्या गळू लागल्या. मुंग्यांच्या रांगा उंबऱ्यापर्यंत. जिजी आमच्याकडे आल्या त्या रडत नव्हत्या, पण बोलतही नव्हत्या. मी आणि आपल्या मंडळातल्या चौघी जाऊन पाहून आलो. कुंडी उकरली तर माती आंबलेली, पांढरी मुळे तपकिरी पडू लागलेली. झाले होते असे की एवढी साखर एकदम मिळाल्यावर मातीतल्या जिवांनी सगळी हवा खाऊन टाकली. मुळांनाही श्वास लागतो, तो कोंडला. शिवाय मळीतले क्षार एवढे चढले की मुळांना पाणी ओढता येईना. लोणच्याच्या मिठात फोड आकसते तसेच.

उपाय एकच होता, स्वच्छ पाण्याने माती धुऊन काढणे. आणि दिवस कोणते, तर नळ तिसऱ्या दिवशी येण्याचे! एका कुंडीतून तिच्या मातीच्या दुप्पट-तिप्पट पाणी वाहून जायला हवे, आणि कुंड्या अकरा. त्या दिवशी मंडळाच्या भजनाची वेळ होती. भजन तसेच राहिले. ज्या त्या घरून एकेक बादली आली. कोणी भाजी धुतलेले पाणी आणले, कोणी माठातले. मात्र साबणाचे पाणी आम्ही परत पाठवले. आधी कुंड्यांच्या बुडाची भोके काडीने मोकळी केली, कारण भोक बुजलेले असेल तर धुण्याने उलट चिखल होतो. वरची दोन बोटे माती काढून टाकली. मग झारीने सावकाश पाणी घालत गेलो, खालून काळसर पाणी येत होते ते साधे येईपर्यंत. वाहून आलेले पाणी कोपऱ्यावरच्या कडुनिंबाला आणि रस्त्याकडेच्या चिंचेला घातले. मोठ्या झाडांना त्याचे काही वाटत नाही. कुंड्या आठ दिवस सावलीत, विटांवर उचलून ठेवल्या. वर मूठभर कोरडे जुने खत पसरले, आणि महिनाभर नुसत्या पाण्यावाचून काही द्यायचे नाही असे बजावले.

अकरापैकी सात वाचल्या. त्या सराईत जिजींचे गजरे निम्म्यावर आले. चार कुंड्यांत आपण सगळ्यांनी आपापल्या झाडांचे छाट लावून दिले आहेत, ते आता धरले आहेत. जिजी, बरोबर सांगितले ना?

म्हणून माप सांगते ते घरी जाऊन लिहून ठेवा. एक लिटर पाण्याला काकवी चहाचा एक चमचा, त्याहून जास्त नाही. गूळ असेल तर लहान सुपारीएवढा खडा, आधी वाटीभर पाण्यात विरघळवून फडक्याने गाळून घ्यावा. हातभर उंचीच्या झाडाच्या कुंडीला या पाण्याचा अर्धा तांब्या पुरे. आधी साधे पाणी घालून माती ओलवायची आणि मग हे. कोरड्या ढेकळात कधीही घालू नये. पंधरा दिवसांतून एकदा. पाणी केले की त्याच दिवशी संपवायचे. उरवून ठेवले तर फसफसते. आणि महिन्याकाठी दोन मुठी कुजलेले शेणखत किंवा घरच्या भाजीच्या देठांचे खत कुंडीत हवेच. ते नसेल तर काकवीच्या भानगडीत पडूच नये. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी आहे, कुंडीच्या कडेला पांढरी खार धरते, त्यांनी महिन्यातून एकदाच द्यावे, कारण त्यांच्या मातीत क्षार आधीच पुरेसे आहेत. चुलीची राख घालण्याचीही काहींना सवय आहे. राखेत पालाश असते हे खरे, पण आपली काळी माती मुळातच चुनखडीची. तिला राख फार मानवत नाही.

पावसाळ्यात काकवी बंद. माती ओलीच असते, आंबायला वेळ लागत नाही. झाडाची विश्रांती चालू असेल तेव्हाही बंद.

मुंग्यांचे सांगायलाच हवे, कारण याबाबतीत जास्वंदीच्या मालकिणी फार सोसतात. मुंगी झाडाचे काही खात नाही, पण पिठ्या ढेकूण आणि मावा यांना ती पाळते. आपण जशी गाय पाळतो तशीच. हे किडे पानाचा रस पितात आणि मागून गोड चिकट थेंब टाकतात, तो मुंगीला हवा असतो. म्हणून त्यांच्यावर येणाऱ्या चित्रांग किड्यांना ती हुसकावून लावते. कुंडीत गोड सांडले की मुंगी येते, आणि मुंगी आली की जास्वंदीच्या शेंड्याला पांढरा कापूस धरलाच म्हणून समजा. जास्वंदीला म्हणून मी काकवी देतच नाही, तिला शेणखतच बरे. इतर कुंड्यांतही पाणी बुंध्याशी न ओतता कडेकडेने घालावे, वर पातळसा मातीचा हात फिरवावा आणि कुंडी पाणी भरलेल्या परातीत विटेवर ठेवावी म्हणजे मुंगीला वाट राहत नाही. मात्र परातीतले पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील. पानांवर काकवीचे पाणी शिंपडा असे कोणी सांगितले तर ऐकू नका. पान चिकट होते, धूळ बसते आणि तिच्यावर काळी बुरशी धरते.

फुले कशाने येतात, हे शेवटी सांगायचे तर काकवीचा नंबर फार खाली लागतो. मोगऱ्याला डिसेंबरात पाण्याचा ताण द्यावा, संक्रांतीच्या सुमारास छाटावे, मग शेणखत घालून पाणी सुरू करावे. नवी फूट येते तिलाच कळ्या धरतात. काकवीचे पाणी द्यायचे ते ही फूट आल्यावर. गुलाबाची छाटणी दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, आणि रोज पाच-सहा तास ऊन पाहिजे म्हणजे पाहिजेच. अंधाऱ्या जिन्यात गुलाब ठेवून त्याला काकवी पाजणाऱ्या एक-दोन घरी मी जाऊन आले आहे. नावे घेत नाही! शेवंतीचे तर निराळेच. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की तिला कळ्या सुचतात. श्रावणात तिला काहीही खाऊ घाला, ती आपल्या वेळेलाच येणार. तिच्यावर रात्री गॅलरीतला दिवा पडत असेल तर तो आधी बंद करा. सदाफुलीला काहीच नको. तिचे नावच ठेवणाऱ्याने विचार करून ठेवले आहे.

ज्यांना शेण-गोमूत्र मिळते त्यांनी काकवीपेक्षा जीवामृत करावे असे माझे मत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी ते शेतकऱ्यांत पसरवले. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. शेतासाठी त्यांचे प्रमाण दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, एक ते दोन किलो गूळ, तितकेच बेसन आणि बांधावरची मूठभर माती असे आहे. आपल्याला एवढे काय करायचे! दहा लिटरच्या बादलीला अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, पन्नास ते शंभर ग्रॅम गूळ, तितकेच बेसन, चिमूटभर माती. सावलीत फडके बांधून दोन दिवस ठेवावे, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळावे, आठवड्याच्या आत संपवावे. गूळ इथेही आहे, पण पाहा, एकटा नाही. शेण आहे, डाळीच्या पिठातले नत्र आहे. म्हणजे विरजणही आहे आणि दूधही आहे. कुंडीला देताना दहापट पाणी घालून पातळ करावे. वास येतो, शेजारणी तक्रार करतात. त्यांनाही बाटलीभर द्यावे म्हणजे तक्रार थांबते.

बाजारात हल्ली ‘फुलांचे टॉनिक’ म्हणून काळ्या पाण्याच्या बाटल्या मिळतात. त्यांत काय असते हे बाटलीवर लिहिलेले वाचून घ्यावे. नुसती मळी पातळ करून भरलेली असेल, तर त्या पैशांत शेणखताचे पोते येते.

एका भगिनींनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे की, तुळशीला काकवी चालते का. तुळशीला फुले नकोतच, मंजिऱ्या आल्या की आपण खुडतो. तिला पाणी बेताचे आणि ऊन भरपूर, एवढेच पुरे. दुसरी चिठ्ठी आहे, अबोलीची पाने पिवळी पडतात, काकवी घालू का. नको. आधी बुडाचे भोक पाहा आणि मूठभर खत घाला. मग पंधरा दिवस वाट पाहून मला सांगा.

यंदाच्या हंगामात गुऱ्हाळावरून तळाची काकवी एक डबा मागवली आहे, ती मंडळाच्या कपाटात खालच्या कप्प्यात, पाण्याच्या ताटलीत ठेवली आहे. ज्यांना हवी त्यांनी औषधाची रिकामी लहान बाटली धुऊन आणावी आणि बुधवारी दुपारी तीन ते पाच या वेळात यावे. शेणखत कुंडीत घातले आहे की नाही, ते मी आधी विचारीन. मोठा डबा घेऊन येणारीला परत पाठवण्याचे काम जिजींनी आपणहून अंगावर घेतले आहे.